क्लॅमिडिया : दुखणं दोघांचं, गोळ्या मात्र एकीलाच

कारवी

नमस्कार मंडळी. मी मायक्रोबायॉलॉजीवाली, गेली अठरा वर्षं प्रयोगशाळेत नमुने तपासते. क्लॅमिडिया हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार. हा विषय इथे काढावा की नाही याचा बरेच दिवस विचार करत होते. गेल्या रविवारी मैत्रिणीची भाची घरी येऊन गेली आणि मग राहवेना.

लग्नाला चार वर्षं झालीत, दिवस राहत नाहीत. फाइल चांगली जाडजूड. त्यात 'क्लॅमिडिया आयजीजी पॉझिटिव्ह' असा रक्तातल्या प्रतिपिंडांच्या तपासणीचा एक कागद, आणि तेवढ्या कागदावर तीन वेगवेगळ्या ठिकाणी तिला अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिलेलं. तिन्ही वेळा तिला एकटीला. नवरा दर वेळी सोबत गेला होता, पण त्याला ना कुणी तपासलं, ना बाहेरच्या बाकावरून आत बोलावलं. चहा पिता पिता ती हळूच म्हणाली, "मावशी, माझ्यातच काही घाण आहे का?"

क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस हा जिवाणू आहे, पण पेशीच्या आत शिरल्याशिवाय त्याला वाढता येत नाही. म्हणून कित्येक वर्षं त्याला विषाणूच समजत. १९०७ साली जावा बेटावर हाल्बरश्टेटर आणि प्रोवाझेक या दोघांनी खुपऱ्या झालेल्या डोळ्यांतला नमुना ओरांगउटानच्या डोळ्यांना लावला आणि पेशी खरवडून रंगवून पाहिल्या. पेशीच्या केंद्रकावर काहीतरी पांघरल्यासारखं दिसलं. ग्रीकमध्ये खांद्यावर घ्यायच्या वस्त्राला क्लॅमिस म्हणतात, त्यावरून हे नाव.

मी स्वतः तो पहिल्यांदा पाहिला एमडी करताना. आठ दिवसांच्या बाळाचे डोळे लालभडक, पापण्या सुजून मिटलेल्या. पापणीच्या आतून खरवडून घेतलेला नमुना काचपट्टीवर गिम्सा नावाच्या रंगाने रंगवला आणि केंद्रकाला खेटून जांभळट, दाणेदार ठिपका दिसला, धनगराने खांद्यावर घोंगडं टाकावं तसा. बाळाच्या आईला विचारलं तर अंगावरून जात नव्हतं, जळजळ नव्हती, ताप नव्हता. काहीच नव्हतं.

सगळा घोळ या 'काहीच नाही'मध्ये आहे. दहातल्या सात-आठ बायकांना आणि निम्म्याच्या आसपास पुरुषांना काहीच जाणवत नाही. तो मात्र आत वर सरकत जातो. काही जणींच्या गर्भनलिकांना सूज येते, आतून व्रण धरतात, नळ्या चिकटतात. मग मूल राहत नाही किंवा गर्भ नळीतच राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटात जगभर सुमारे १२.९ कोटी नवे संसर्ग झाले. आणि हा संसर्ग आठवडाभराच्या साध्या, स्वस्त गोळ्यांनी बरा होणारा.

मग आटोक्यात का येत नाही? या प्रश्नावर गेली चाळीस वर्षं संशोधन चालू आहे. बाकीचं प्रतिसादांत लिहिते. अनुभव असतील तर जरूर सांगा, टोपणनावानेच सांगा.

मृद्गंध७

धाग्याबद्दल मनापासून आभार. आमच्या घरात हा शब्द कधी उच्चारलाच गेला नाही. एक विचारू का? खुपऱ्या म्हणजे आजी सांगायची त्याच ना? तिच्या आईची दृष्टी खुपऱ्यांनी गेली होती. त्याचा आणि याचा जिवाणू एकच?

कारवी

हो, जिवाणू एकच, वाण वेगळे. अ, ब, क हे डोळ्यांचे, माशा, हात आणि टॉवेल यांतून पसरणारे. ड पासून पुढचे लैंगिक संबंधातून पसरणारे. आपल्याकडे १९६३ मध्ये राष्ट्रीय खुपरी नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून खुपऱ्यांचं सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. तुमच्या पणजीच्या पिढीने जे भोगलं ते संपलं. त्यात गोळ्यांइतकाच वाटा पाण्याचा, तोंड धुण्याचा आणि संडासांचा होता. त्याच जिवाणूच्या दुसऱ्या भावंडाबद्दल मात्र आपण बोलतच नाही.

सई_कोल्हापूर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, जिल्ह्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस. कारवी, आयजीजीबद्दल लिहिलंत ते फार बरं झालं. तो कागद माझ्याकडे आठवड्याला एखादा तरी येतो. आयजीजी म्हणजे कधीतरी शरीराची या जिवाणूशी गाठ पडली होती, एवढंच. आज संसर्ग आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. नळ्यांना धोका असू शकतो असा इशारा म्हणून त्याचा थोडा उपयोग होतो, पण त्यावर गोळ्या सुरू करणं चूक. आजचा संसर्ग पाहायचा तर जिवाणूचा डीएनए शोधणारी पीसीआरसारखी चाचणी हवी. पुरुषाची लघवी किंवा बाईच्या योनीमार्गातला स्वॅब चालतो. तो स्वॅब बाईने स्वतः आडोशाला जाऊन घेतला तरी डॉक्टरने घेतल्याइतकाच विश्वासाचा असतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. आमच्याकडच्या बायका टेबलावर झोपायच्या भीतीनेच येत नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

आणखी एक. आपल्या देशात नळ्या बंद म्हटलं की आधी क्षयरोग डोळ्यांसमोर आणावा लागतो. जननमार्गाचा टीबी आपल्याकडे खूप आहे. भाचीची त्या बाजूने तपासणी झालीय का ते बघा.

कारवी

एचएसजी (नळ्या उघड्या आहेत का ते पाहणारा एक्स-रे) झालीय, टीबीच्या बाजूने काहीच बघितलेलं नाही. तिला सांगते. आभार, सई.

उत्तरवारा

मी स्वीडनमध्ये, योटेबोरीला असतो. इथे हा विषय शाळेतच शिकवतात. १९८८ पासून क्लॅमिडिया इथल्या साथरोग कायद्यात आहे. तपासणी फुकट, औषध फुकट, आणि ज्याला संसर्ग सापडला त्याने आपल्या जोडीदारांची नावं सांगणं कायद्याने बंधनकारक. नावं गुप्त राहतात, पण त्या प्रत्येकाला तपासणीचं बोलावणं जातं.

इथली एक गोष्ट सांगतो, कारवींना माहीत असेलच. २००६ मध्ये आमच्या शेजारच्या हालांड प्रांतात क्लॅमिडियाचे रुग्ण अचानक पाव हिश्श्याने घटले. कुणीही आनंदाने टाळ्या वाजवल्या असत्या. तिथल्या प्रयोगशाळेतल्या लोकांना मात्र ते पटेना. त्यांनी खोदून पाहिलं तेव्हा कळलं की रुग्ण घटलेच नव्हते, चाचणीला दिसेनासे झाले होते. जिवाणूच्या प्लाझ्मिडमधला (मुख्य डीएनएखेरीज असलेल्या डीएनएच्या छोट्या कडीतला) ३७७ अक्षरांचा तुकडा एका नव्या वाणात गळून पडला होता, आणि तेव्हाच्या दोन मोठ्या चाचण्या नेमका तोच तुकडा शोधायच्या. तुकडा नाही म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह. माणूस निश्चिंत मनाने घरी, आणि पुढे संसर्ग चालू. ज्या प्रांतांत या चाचण्या वापरात होत्या तिथे तो वाण भराभर पसरला. दुसरी चाचणी वापरणाऱ्या प्रांतांत त्याचं प्रमाण बरंच कमी राहिलं.

कारवी

उत्तरवारा, हे माहीत होतं, पण शेजारून आलेलं वाचताना अंगावर काटा आला. आम्ही निवासी डॉक्टरांना हेच उदाहरण देतो. त्यानंतर चाचण्या बदलल्या. एकाऐवजी दोन ठिकाणं शोधायची, म्हणजे एक गळालं तरी दुसरं सापडेल. मला त्या प्रयोगशाळेतल्या माणसांचं फार कौतुक वाटतं. चांगली बातमी समोर आलेली असताना तिच्यावर शंका घेणं सोपं नसतं.

अभय_अरण्य

प्रश्न जरा वेगळा आहे. सरसकट सगळ्या तरुणांची तपासणी केली तर संपेल ना हे? पोलिओसारखं?

कारवी

सगळ्यांना असंच वाटलं होतं, मलाही. अमेरिकेत सिएटलमध्ये १९९० च्या दशकात एक अभ्यास झाला. धोका जास्त असलेल्या तरुणींना बोलावून तपासलं, तर वर्षभरात ओटीपोटाची, म्हणजे गर्भाशय आणि नळ्यांची, सूज निम्म्याहून कमी झाली. १९९६ मध्ये ते निष्कर्ष छापून आले आणि देशोदेशी कार्यक्रम आखले गेले. इंग्लंडने २००३ पासून २५ वर्षांखालच्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला.

मग २०१० मध्ये लंडनचा अभ्यास आला. कॉलेजमधल्या २५२९ मुलींनी स्वतः स्वॅब घेऊन दिले. अर्ध्यांचे लगेच तपासले, उरलेल्यांचे वर्षभर साठवून मग तपासले. मुलींना हे आधी सांगितलेलं होतं. वर्षभरात ओटीपोटाची सूज पहिल्या गटात १.३ टक्के, दुसऱ्यात १.९ टक्के. फरक आहे, पण छातीठोक सांगता येईल इतका नाही. आता पुढचं नीट वाचा. सुरुवातीला ज्यांना संसर्ग होता आणि उपचार झाला नाही, त्यांच्यात सूज ९.५ टक्के. उपचार झालेल्यांत १.६ टक्के. म्हणजे उपचाराचा फायदा स्वच्छ दिसतो. पण ज्यांना सूज आली त्यांतल्या जवळजवळ ८० टक्के मुलींचा सुरुवातीचा स्वॅब निगेटिव्ह होता! बऱ्याच जणींना संसर्ग मधल्या काळात झाला असणार. एकदा तपासून भागत नाही.

नेदरलँडमध्ये तीन लाखांहून अधिक तरुणांना पत्रं पाठवून दर वर्षी बोलावलं. पहिल्या वर्षी १६ टक्के आले, पुढे दहाच्याही खाली. समाजातला संसर्ग हलला नाही. ऑस्ट्रेलियात ग्रामीण गावांतल्या डॉक्टरांमार्फत मोठा अभ्यास झाला, २०१८ मध्ये निष्कर्ष आले. तिथेही समाजातल्या संसर्गात दोन गटांत फरक नाही. शेवटी २०२१ मध्ये इंग्लंडने हेतूच बदलला. संसर्ग संपवायचा हे ध्येय मागे पडलं आणि बायकांच्या शरीराची हानी टाळायची हे पुढे आलं. आता इतर कामासाठी दवाखान्यात आलेल्या तरुणींना तपासणी सुचवतात.

सई_कोल्हापूर

हे वाचून कुणी 'तपासणी निरुपयोगी' असा अर्थ काढू नये. समोर बसलेल्या बाईसाठी ती उपयोगीच आहे. फक्त बाईला बरं करून पुन्हा त्याच अंथरुणावर पाठवलं तर तीन महिन्यांत ती परत येते. हे मी डोळ्यांनी बघते.

कारवी

नेमकं हेच! मला या धाग्यात एवढंच सांगायचं होतं आणि सईंनी एका ओळीत सांगितलं. सिएटलमधल्याच आणखी एका अभ्यासाचे निष्कर्ष २००५ ला आले. क्लॅमिडिया किंवा परमा (गनोरिया) झालेल्या रुग्णांच्या हातीच जोडीदाराच्या गोळ्या दिल्या. नेहमीच्या पद्धतीत १३ टक्के लोकांना संसर्ग पुन्हा सापडला, या पद्धतीत १० टक्के. फार मोठा फरक नाही म्हणाल, पण तो नुसतं एक पाकीट जास्त देऊन मिळालेला आहे.

गावठाण

मी सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशक आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : सरकारी रुग्णालयांत नॅकोची (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची) लैंगिक आजारांवर उपचार करणारी ही केंद्रं असतात. आमच्याकडे पीसीआर नसते. लक्षणं बघून रंगाच्या किटमधून औषध देतो. लघवीच्या जागेतून किंवा गर्भाशयाच्या तोंडातून स्राव असेल तर राखाडी किट, त्यात अझिथ्रोमायसिन एक ग्रॅम आणि सेफिक्सिम. ओटीपोटात दुखत असेल तर पिवळं किट, त्यात डॉक्सिसायक्लिन चौदा दिवस, शिवाय आणखी दोन औषधं. जोडीदारासाठीही देतो.

ही पद्धत गरिबांसाठी चांगली आहे, रिपोर्टची वाट बघावी लागत नाही. पण लक्षणच नसेल तर बाई माझ्या खुर्चीसमोर येणारच नाही, हे मला रोज टोचतं.

एक बाई आठवते. तिला दोन किट दिली, एक तिचं, एक नवऱ्याचं. समजावून सांगितलं. तिने नवऱ्याचं पाकीट पदराच्या टोकाला गाठ मारून बांधलं आणि गेली. तीन आठवड्यांनी परत आली, तोच त्रास. नवऱ्याने घेतलं का विचारलं तर काही बोलली नाही, गाठ सोडली. पाकीट तसंच. ते देण्यासाठी तिला आधी एक वाक्य बोलावं लागलं असतं, आणि ते वाक्य तिच्या घरात बोलता येत नव्हतं. तेव्हापासून मी नवऱ्याला फोन करण्याची परवानगी आधी मागतो. "दोघांची तपासणी आहे, सरकारी नियम आहे" एवढंच सांगतो. बरेच जण येतात.

मृद्गंध७

गावठाण, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं.

निळाई

मी इथे नेहमी वाचते, लिहीत नाही. आज लिहिते. सहा वर्षांपूर्वी माझा गर्भ नळीत राहिला होता. रात्री दोन वाजता ऑपरेशन झालं. नंतर डॉक्टर म्हणाले, जुन्या संसर्गाने नळी खराब होती. सासरी पहिला प्रश्न आला, "लग्नाआधी काय उद्योग केले होते?" मला उत्तर देता आलं नाही, कारण मला स्वतःलाच माहीत नव्हतं की हे कुठून आलं. अजूनही नाही. कारवी, हे कळू शकतं का?

कारवी

निळाई, तुमचा हात हातात घेऊन सांगते. नाही कळत. उपचार न झालेला संसर्ग कसलीही खूण न दाखवता महिनोन्‌महिने, काहींच्या शरीरात वर्षाहूनही जास्त काळ राहतो. रिपोर्टवर संसर्गाची तारीख नसते, कुणी कुणाला दिला हेही नसतं. बाईला आधी सापडतो, कारण तपासणी तिची होते, पोटात दुखतं तिला, मूल राहिलं नाही की दवाखान्यात नेतात तिला. आधी सापडला म्हणजे आधी झाला असं कुठल्याही शास्त्रात नाही. तुम्हाला तो प्रश्न विचारणाऱ्यांना हे वाचून दाखवा.

गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं होतं, १९८९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. आणि ४५ टक्के बायकांनी काही तक्रारच सांगितली नव्हती. सगळं क्लॅमिडियाच असं नव्हे, पण आपल्या बायका किती गोष्टी मुकाट्याने अंगावर काढतात ते तिथे पहिल्यांदा आकड्यात आलं.

निळाई

आभार. सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी असं सांगितलं.

अभय_अरण्य

गोळ्यांबद्दल विचारायचं राहिलं. अझिथ्रोमायसिन चांगलं की डॉक्सिसायक्लिन? आणि लस?

कारवी

या जिवाणूची दोन रूपं असतात. पेशीबाहेर असताना तो कोरड्या बीसारखा, वाढत नाही, औषधालाही दाद देत नाही. पेशीत शिरला की फुगतो, विभागत जातो, आणि दोन-तीन दिवसांत पेशी फोडून नवं बी बाहेर पडतं. आम्ही पेशींत वाढवून आयोडीन टाकायचो तेव्हा भरलेल्या पेशी तपकिरी दिसायच्या, जणू आत गुळाचा खडा. औषध अशा दोन-तीन फेऱ्या पुरेल इतके दिवस शरीरात हवं. म्हणून डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस. २०२१ पासून अमेरिकेच्या मार्गदर्शक सूचनांतही हेच पहिलं औषध आहे, विशेषतः गुदमार्गाच्या संसर्गात अझिथ्रोमायसिन कमी पडतं असं दिसल्यामुळे. गरोदरपणात मात्र अझिथ्रोमायसिनच. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायचं, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला जखम होते. लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर एकदम घेऊ नका, शोषलं जात नाही. हे सगळं डॉक्टरांना विचारून, मेडिकलवाल्याला नव्हे.

लस अजून नाही. १९६० च्या दशकात खुपऱ्यांसाठी लशी करून पाहिल्या होत्या, संरक्षण थोडेच दिवस टिकलं. २०१९ मध्ये डेन्मार्क आणि लंडनच्या संशोधकांनी नव्या लशीची पहिली मानवी चाचणी छापली, ३५ बायकांवर. सुरक्षित ठरली, प्रतिपिंडं तयार झाली. संसर्ग थांबतो का, हे पुढच्या चाचण्यांतच कळेल. कोआलांना मात्र मिळाली! त्यांचा क्लॅमिडिया वेगळ्या जातीचा, त्याने ती बिचारी आंधळी आणि वांझ होतात. ऑस्ट्रेलियाने २०२५ मध्ये त्यांच्या लशीला परवानगी दिली.

नवीन_सभासद_४१

नमस्कार. खातं आजच उघडलं. बायकोचा स्वॅब पॉझिटिव्ह आला, ती सात दिवसांच्या गोळ्या घेतेय, आज तिसरा दिवस. मला डॉक्टरांनी काही सांगितलं नाही आणि मला काही त्रासही नाही. हा धागा तिनेच मला पाठवला. मी कुठे जाऊ, काय सांगू?

गावठाण

दादा, जवळच्या जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक विचारा. सापडलं नाही तर १०९७ या टोल फ्री नंबरवर फोन करा. "बायकोला क्लॅमिडिया निघालाय, तिचा रिपोर्ट आणलाय" एवढंच सांगा, पुढचं आम्ही विचारतो. बाहेर कुणी नाव पुकारत नाही.

कारवी

बायकोच्या रिपोर्टची झेरॉक्स न्या. खाजगीत लघवीची तपासणी करायची असेल तर आधी एक तास लघवीला जाऊ नका, आणि डबीत सुरुवातीची धार घ्या, मधली नको. नेहमीच्या लघवी तपासणीच्या हे उलट आहे, त्यामुळे बरेच जण इथे चुकतात. तुम्हाला त्रास नसला आणि रिपोर्ट यायचा असला तरी औषध थांबवून ठेवू नका, डॉक्टरांशी बोलून लगेच सुरू करा. तुमचा आणि तिचा, दोघांचाही कोर्स पुरा होईपर्यंत संबंध नको. म्हणजे तिचा चार दिवसांत संपला तरी तुमचे सात मोजा. एचआयव्ही आणि गरमीची (सिफिलिसची) रक्ततपासणीही दोघांची करून घ्या. तीन महिन्यांनी दोघांनी पुन्हा तपासा.

नवीन_सभासद_४१

उद्या सुट्टी टाकलीय. ती पण सोबत येणार आहे.

गावठाण

लवकर या. दहानंतर रांग वाढते.